ढिगाऱ्याखालचे लिंबाजीमामा

लिंबाजीमामांना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं.

पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्याला लागून आमच्या केंद्राचं मैदान होतं. पडलेल्या इमारतींखाली अडकलेली माणसं वासावरून शोधून काढायला तिथे कुत्र्यांना शिकवत. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मी नुकताच हँडलर म्हणून लागलो होतो. पहिल्याच दिवशी लिली नावाच्या लॅब्राडोर कुत्रीचा पट्टा माझ्या हातात दिला गेला. मैदानाच्या मधोमध मुद्दाम रचलेला ढिगारा होता. मोडके स्लॅब, सिमेंटचे पाइप, वाकलेल्या सळया, एका जुन्या बसचा सांगाडा. लिली त्यावर चढली, इकडे तिकडे हुंगत फिरली, एका फटीपाशी थांबली आणि भुंकायला लागली. त्याबरोबर जमिनीतून आवाज आला, "आली गं माझी बाय! आली गं लिलाबाई! घावलो गं तुला, घावलो!"

माहेरी आलेल्या लेकीला आईने दारातच मिठी मारावी, तसा तो आवाज होता. फटीतून एक हात वर आला. त्यात चिंध्यांचा गच्च बांधलेला चेंडू होता. लिलीने तो दातात धरला, हाताने सोडला नाही, आणि दोघांची ओढाताण सुरू झाली. आतला माणूस हसत होता, किंचाळत होता, हरत होता. मग पत्रा सरकला आणि तो वर आला. पन्नाशीचा, काटकुळा, भुवयांपर्यंत धुळीने माखलेला. वर येताच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू साफ उतरलं. त्याने मला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं, बाजूला थुंकला आणि शेजारच्या हँडलरला विचारलं, "ह्यानं कुत्र्याला आनलंय, का कुत्र्यानं ह्याला?"

केंद्राच्या हजेरीपटावर मामांच्या नावापुढे 'डमी' असं लिहिलेलं असे. डमी म्हणजे लपून बसणारा माणूस. दिवसातून चार-पाच वेळा त्यांनी कुठल्यातरी पाइपात नाहीतर खड्ड्यात जाऊन पडायचं, वरून आम्ही फळ्या, पत्रे, दगड टाकायचे आणि कुत्र्याने त्यांना शोधायचं. नुसतं पडून राहायला कुणालाही जमेल. खरं कसब सापडल्यानंतरचं होतं. जीव वाचवणं वगैरे कुत्र्याला काही ठाऊक नसतं. त्याच्या लेखी तो खेळ असतो, आणि सापडलेल्या माणसाला झालेला आनंद हे त्याचं बक्षीस. तो आनंद कमी पडला की पुढच्या वेळी कुत्रं अंग चोरतं. मामा एकदा तापाने घरी होते म्हणून एका शिपायाला पाइपात घातलं. लिलीने त्याला शोधलं. त्याने रेशनच्या दुकानातला माणूस तांदूळ देतो तशा चेहऱ्याने चेंडू पुढे केला आणि म्हणाला, "गुड." दुसऱ्या दिवशी लिली ढिगाऱ्यावर चढली आणि माशा पकडत बसली.

"गुड म्हनला?" मामा परत आल्यावर म्हणाले. "गुड म्हन्जे काय गूळ हाय व्हय, चाटायला? नोकरी लागली की मानसाला खुश व्हतासुदिक येत नाय."

मामा मूळचे सोयगाव तालुक्यातले. घराणं मेंढरांमागे फिरणारं. मेंढरं गेली, तसे ते बायको-पोरीला गावी ठेवून मजुरीला इकडे आले. हा ढिगारा रचायलाच त्यांना आणलं होतं. एका दुपारी ते सावलीला पाइपात झोपले असताना सरावातल्या कुत्र्याने त्यांना शोधून काढलं. दुसरा एखादा दचकून ओरडला असता. मामांनी त्या कुत्र्याला पोटाशी धरलं आणि दोघे धुळीत लोळले. तेव्हाच्या प्रशिक्षकाने ते पाहिलं आणि मजुराचा डमी झाला.

पाइपाच्या आत हा माणूस जितका गोड, तितकाच बाहेर कडू. आमच्यातल्या एकालाही त्यांनी कधी बरं म्हटलेलं मला आठवत नाही. मी पैठणकडचा, घरी बागायती जमीन, काका सरपंच. हे कळल्यापासून मामा मला 'पाटील' म्हणत, आणि त्यांच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा निघे. वाऱ्याकडे लक्ष न देता मी कुत्री सोडली की ढिगाऱ्याखालून आवाज यायचा, "पाटील, वारं तिकडं चाललंय आन् कुत्रं इकडून सोडता! वास काय पोस्टानं येनार हाय?" बाहेर आल्यावर चिमूटभर माती हवेत उडवून दाखवायचे आणि वर म्हणायचे, "बागायती वाल्याला वारं कशाला लागतंय म्हना. समदं पाटानं येतं."

मला राग यायचा. एका डमीने, तेही मेंढरांमागे फिरलेल्या माणसाने, मला शिकवावं हे मला रुचत नव्हतं. हे आज लिहायला लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती. त्यांनी पाणी मागितलं की मी दुसऱ्या कुणाला तरी सांगत असे.

मामांच्या तिरस्काराचा मोठा वाटा मात्र साहेबांसाठी राखीव होता. आमच्या केंद्राच्या या प्रमुखांना कुत्र्यांच्या केसांची ॲलर्जी होती. तोंडावर रुमाल धरल्याशिवाय ते पिंजऱ्यांच्या बाजूला फिरकत नसत. पण सत्कारांची त्यांना भारी हौस. कुत्र्यांचा सत्कार, कुत्र्यांना पदक, कुत्र्यांचा वाढदिवस. पूजेला बसलेली बायको नवऱ्याच्या हाताला बोट लावते, तसं साहेब लांबून माझ्या कोपराला बोट लावत, मी हार घाली आणि बातमी अशी येई की साहेबांच्या हस्ते श्वानाचा गौरव झाला. लिली झेंडूचा हार खाऊन टाकत असे. एकदा मार्च महिन्यात तिच्या पाठीवर शाल टाकली, तेव्हा मामा मागून म्हणाले, "उन्हात शाल! काय गुन्हा केला हो तिनं?"

त्याच वर्षी जुन्या शहरात एक तीन मजली घर खचलं. शेजारच्या प्लॉटवर पायासाठी खोल खोदलं होतं. आम्ही लिलीला घेऊन गेलो. डमीला नेण्याचं कारण नव्हतं, म्हणून मामा केंद्रातच राहिले. लिलीने जिन्याच्या पडलेल्या भागापाशी तीनदा भुंकून जागा दाखवली आणि पाच तासांनी तिथून एक बाई जिवंत निघाली. लोक रडत होते, कुणी माझ्या पाया पडलं. साहेब पोहोचले. फोटोसाठी मला त्यांच्या शेजारी उभं केलं. कुत्रीमुळे साहेबांना शिंका येत होत्या, म्हणून तिला जीपमध्ये बांधलं.

परत आलो तर मामा फाटकात उभे. बाईचं त्यांनी आधीच ऐकलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "घावल्यावर लिलाबाईला कोन खेळवलं?"

मी म्हणालो, "मामा, तिथे गर्दी होती, पत्रकार होते..."

"कोन खेळवलं, ते सांगा."

"कुणी नाही."

ते जीपकडे वळले. "एक जीव हुडकला तिनं. आन् तुमी तिला जीपात बांधलं. चोर हाय का ती?" मग जीपपाशी जाऊन तिचा पट्टा सोडला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आंकडे शंभर म्हना. मग सोडा." आणि दिवस मावळायच्या आत ते ढिगाऱ्याकडे गेले, बसच्या सांगाड्याखाली शिरले. मी शंभर मोजले आणि लिलीला सोडलं. थकलेली कुत्री रेंगाळत गेली, हुंगलं, भुंकली. आणि त्या सांगाड्याखाली जी जत्रा सुरू झाली! "आली गं माझी बाय! मानूस काढलं गं माझ्या बायनं!" लिली शेपटीने पत्रा बडवत होती. मी बाहेर पट्टा घेऊन उभा होतो. माझ्या वाट्याचं काम ते करत होते, आणि ते मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्याने करत होते.

लिलीच्या या कामगिरीबद्दल तिचा जाहीर सत्कार करायचं ठरलं. तयारीला वेळ लागला, प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळता मिळता एप्रिल उजाडला. मैदानात मांडव पडला, खुर्च्या आल्या, माइकवाला आला. आधी प्रात्यक्षिक, मग पदक. प्रात्यक्षिकासाठी मामांना ढिगाऱ्यातल्या सगळ्यात खालच्या पाइपात घालायचं होतं. मामा शिरता शिरता मला म्हणाले, "तेवडी फट ऱ्हाऊ द्या, पाटील. वास बाहीर यायला आन् वारं आत यायला."

मी फट ठेवली होती. साहेब रुमाल धरून पाहणीला आले आणि म्हणाले, "अरे, हा पत्रा चमकतोय, फोटोत दिसेल. माणूस इथेच आहे हे लगेच कळतं. झाकून घे." मी एक गोणपाट आणलं, फटीत खुपसलं आणि वर माती टाकली. हे मी माझ्या हाताने केलं. तेव्हा अकरा वाजले होते आणि पाहुणे निघाल्याचा निरोप आला होता.

साडेअकराला पुन्हा तोच निरोप आला. बारा वाजता पाहुणे वाटेत कुठे तरी फीत कापायला थांबल्याचं कळलं. मी लिलीला घेऊन मांडवाच्या कडेला सावलीत उभा. ऊन असं की ढिगाऱ्यावरची हवा थरथरताना दिसत होती. मी साहेबांपाशी गेलो.

"सर, मामा आत आहेत. थोडा वेळ बाहेर काढू का?"

"आणि तेवढ्यात गाडी आली तर? पाहुण्यांसमोर तू दगड रचणार का?"

"सर, ऊन फार आहे."

"त्याला सवय आहे," साहेब म्हणाले. "त्याचं कामच ते आहे. पाच मिनिटं थांब."

मी पाच मिनिटं थांबलो. मग आणखी पाच मिनिटं थांबलो. एक वाजून गेल्यावर लिली एकाएकी ताठ झाली. इतका वेळ ती पट्टा ओढत होती, ती आता खाली बसली, ढिगाऱ्याकडे तोंड केलं आणि भुंकायला लागली. माणूस सापडल्यावर भुंकायची तसंच, एकसारखं, न थांबता. मी तिला सोडलंही नव्हतं आणि ढिगारा शंभर पावलांवर होता. पुढच्या खुर्च्यांवरचे लोक वळून पाहू लागले. साहेबांनी लांबून हातवारे केले, गप्प कर तिला.

मी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड आवळून धरलं.

किती वेळ धरलं ते सांगता येत नाही. तिचे डोळे माझ्याकडे होते. ती भुंकायचं थांबली नाही, फक्त आवाज बाहेर येत नव्हता. माझ्या तळव्यांना तिचा प्रत्येक हुंकार लागत होता. मग तिने मान अशी काही पिळली की पट्टा माझ्या हातात राहिला आणि ती सुटली. खुर्च्यांच्या रांगेतून, माइकच्या तारांवरून ती ढिगाऱ्यावर गेली, पंजांनी माती उकरू लागली, भुंकू लागली.

आतून आवाज आला नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. माइकवाल्यालाही तसंच वाटलं. त्याने लगेच सुरू केलं, "पाहा रसिकहो, हा मुका जीव कसा शोध घेतो आहे..." आणि साहेब दात-ओठ खात उभे, कारण पाहुण्यांशिवायच खेळ झाला होता. मी धावलो. गोणपाट उपसलं, पत्रा फेकला, दगड ढकलले. दुसरे दोघे हँडलर आले. आम्ही मामांना पायांना धरून बाहेर ओढलं. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, ओठ पांढरे. श्वास चालू होता. आम्ही त्यांच्यावर पाणी ओतलं. लिली त्यांच्या छातीवर चढून तोंड चाटत होती. बऱ्याच वेळाने डोळे किलकिले झाले. त्यांना मी दिसलो की नाही ठाऊक नाही. पण हात हलला, कमरेच्या फडक्यात चाचपडला, चिंध्यांचा चेंडू बाहेर काढला आणि लिलीच्या तोंडाला लावला. ओठ हलले. शब्द काही फुटला नाही.

दोघांनी त्यांना जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. आणि साहेब मला म्हणाले, "दुसरा कुणीतरी आत घाल. पाहुणे आले फाट्यापर्यंत." कुणी जाईना. मग मी गेलो.

होय, मी त्याच पाइपात जाऊन पडलो, आणि फटीत पुन्हा तेच गोणपाट खुपसलं गेलं. सिमेंट पाठीला चटके देत होतं. वीस मिनिटांत माझा जीव घाबरा झाला आणि मी पायाने ते गोणपाट बाहेर लोटून दिलं. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. फोटोतही आलं नाही. पाहुणे आले, लिलीला सोडलं, तिने मला शोधलं. मी चेंडू पुढे केला आणि म्हणालो, "आली गं..." पुढे मला काही सुचेना. लिलीने चेंडू तोंडात घेतला, बाजूला टाकून दिला आणि निघून गेली. वर पुन्हा टाळ्या वाजल्या. पाहुणे भाषणात म्हणाले की इमानदारी कुत्र्याकडून शिकावी. साहेबांनी मान डोलावली.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. मामांना सलाइन लावलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको त्यांना वारा घालत होती. मी शहाळं नेलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही.

"तुमी तिचं तोंड धरलं म्हन्तात," मामा म्हणाले. आवाज घासलेला होता.

"होय."

"लई वेळ?"

मी शहाळं या हातातून त्या हातात घेतलं.

"मला आतून आईकू येत व्हतं तिचं. मंग बंद झालं. मला वाटलं, मीच मेलो." मी म्हणालो, "मामा, साहेबांनी..."

"साहेबाचं नाव घेऊ नगा. त्याला नाकच नाय. त्याला वास कुटून येनार?" आणि मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या नजरेत चेष्टा नव्हती, आणि ते फार वाईट होतं. "तुमाला तर आला व्हता, पाटील. तुमाला आला व्हता, आन् तुमी तिचं तोंड धरलं. जावा आता."

मी शहाळं खाटेखाली ठेवलं आणि निघालो. दुसऱ्या दिवशी मामा कुणाला न सांगता गावी गेले ते परत आले नाहीत. साहेबांनी त्यांच्या जागी आलटून पालटून शिपाई घातले. वर्षभरात लिलीने शोधणं जवळजवळ सोडलं आणि तिला वयाच्या कारणाने निवृत्त केलं. तिचं वय तेव्हा सहा होतं. निवृत्तीचाही सत्कार झाला. मी तिला केंद्राकडून मागून घेऊन घरी आणलं. ती माझ्या दारात सात वर्षं राहिली, खाल्लं, प्यायली, पोरांशी खेळली. मी तोंडाजवळ हात नेला की मात्र ती मान फिरवून घेई.

मी मामांना भेटायला गेलो नाही. जायचं ठरवलं अनेकदा. सोयगाव काही परदेशात नाही, एसटीने अर्ध्या दिवसाचा रस्ता. ते वारल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं, तेव्हा गेलो. गावाबाहेर चार-सहा घरं, दारात शेरडं बांधलेली. त्यांची मुलगी सुमन गोठा झाडत होती. मी नाव सांगितलं, केंद्रात बरोबर होतो म्हणालो. तिने झाडू न थांबवता मला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"म्हन्जे तुमीच ते पाटील," ती म्हणाली.

मी होय म्हणालो. तिने बाज टाकली, पाणी दिलं. वडील शेवटपर्यंत लोकांची शेरडं राखत होते, झोपेतच गेले, एवढं तिने सांगितलं. मग म्हणाली, "त्यांचा फोटो हाय का तुमच्याकडं? भिताडावर लावायला. मतदान कार्डावर हाय तो नुसता काळा दिसतो."

मी बघून आणतो म्हणालो. केंद्रात जाऊन सगळी कपाटं धुंडाळली. फोटोंना तोटा नव्हता. लिलीचे होते, साहेबांचे होते, हारांचे, शालींचे, माझेही होते. मामांचा एकही निघाला नाही. कॅमेरा मैदानात यायच्या आधी त्यांना खाली घातलेलं असायचं आणि तो गेल्यावर बाहेर काढायचे. शेवटी सरावाचा एक जुना फोटो मिळाला. लिली ढिगाऱ्यावर उभी राहून भुंकते आहे, कान मागे गेलेले. तो घेऊन मी पुन्हा सोयगावला गेलो.

सुमनने हात पुसून फोटो घेतला, उजेडाकडे धरला.

"ह्यात आबा कुटं हायत?"

"या दगडांच्या खाली," मी म्हणालो. "त्या वेळी ते आत होते."

ती बराच वेळ बघत राहिली. लिलीकडे नाही, तिच्या पायांखालच्या स्लॅबकडे.

"किती खाली?" तिने विचारलं.

मी हात जमिनीपासून गुडघ्यापर्यंत नेला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग मी तो छातीपर्यंत वर नेला.